न झालेल्या कामाची धग

कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून 1646 मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीचा एक उभा नळ तेलानं काठोकाठ भरला, तर त्याच्या तळाशी साधारण 140 बार इतका दाब पडेल. पंचवीस अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरला बसवलेला, एका हातानं उचलता येईल असा हायड्रॉलिक पंप याच पट्टीतला दाब देण्यासाठी घडवलेला असतो. लोडरची बादली मातीत घुसते, जड ओझं अलगद वर जातं, ते या दाबाच्या बळावर.

आता हेच तेल काहीही न उचलता, काहीही न ढकलता परत टाकीत आलं तर? बादली पूर्ण वर गेल्यावरही चालकानं दांडा ओढूनच धरला, की असं घडतं. सिलिंडरचा दट्ट्या टोकाला पोचलेला असतो, तेलाला पुढं जायला जागा नसते. मग रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि त्याच्या अरुंद फटीतून तेल टाकीकडं सुटतं. फटीच्या अलीकडं 140 बार, पलीकडं जवळपास शून्य. कळसूबाईएवढ्या उंचीवरून तेल खाली कोसळलं, आणि ते सगळं कोसळणं अंगठ्याएवढ्या व्हॉल्व्हच्या आत, पापणी लवायच्या आत उरकलं. ऊर्जा नष्ट होत नाही, मग ती गेली कुठं? थर्मामीटर लावला की उत्तर मिळतं. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारं तेल आत शिरणाऱ्या तेलापेक्षा सुमारे साडेआठ अंश सेल्सिअसनं गरम असतं. व्हॉल्व्ह नवा की जुना, फट गोल की चपटी, यानं या आकड्यात फरक पडत नाही. दर 100 बारमागं साधारण सहा अंश, हा खनिज तेलाचा ठरलेला हिशोब आहे.

हा हिशोब कळल्यापासून ट्रॅक्टरचा ऑइल कूलर आणि त्याच्यामागं फिरणारा वीतभर पंखा मला यंत्राच्या सगळ्यांत बोलक्या भागांपैकी वाटू लागला. सिलिंडरनं ओझं उचललं तर पंपाची ऊर्जा ओझ्यात जाते आणि तेल फारसं तापत नाही. ती ऊर्जा जिथं कामाला न लागता वाया जाते, तिथंच तेल तापतं. म्हणजे पंख्यातून अंगावर येणारा गरम झोत ही न झालेल्या कामाची धग आहे. आणि पंखा बंद पडला, की शोध दोन दिशांनी घ्यावा लागतो: तेलातली उष्णता कुठून आली, आणि पंख्याकडं निघालेली वीज कुठं अडली.

या दोन्ही दिशांना एकच माणूस भेटतो, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल, जन्म 1818, इंग्लंडमधलं सॅलफर्ड. वडिलांचा बिअरचा कारखाना होता. विद्यापीठात ज्यूलला कुठलं पद नव्हतं, प्रयोग तो स्वतःच्या खर्चानं करायचा. खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर भांड्यातली वल्ही फिरवायची आणि आतला द्रव किती तापतो ते मोजायचं, हा त्याचा प्रयोग शाळेच्या पुस्तकांत असतो. पुस्तकातल्या भांड्यात सहसा पाणी असतं. ज्यूलनं मात्र देवमाशाचं तेलही घुसळलं आणि पाराही घुसळला. द्रव बदलला तरी तेवढ्याच कामामागं निघणारी उष्णता तेवढीच भरली. त्याच्याही आधी, 1840-41 मध्ये, वीज वाहताना तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते हे त्यानंच दाखवलं होतं. तेल का तापलं हे सांगणारा ज्यूल आणि वायरचा प्लग का वितळला हे सांगणारा ज्यूल एकच. ट्रॅक्टरच्या पंख्यापाशी हे दोन नियम शेजारी शेजारी नांदतात.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फिरणारे मिनी ट्रॅक्टर पाहिलेला वाचक विचारेल, की त्यांच्या हायड्रॉलिकला असा पंखा कुठं असतो? बहुतेकांना नसतो, आणि लागतही नाही. आपल्याकडचे हे ट्रॅक्टर गिअरवर चालतात. फवारणीचा ब्लोअर पीटीओच्या, म्हणजे इंजिननं थेट फिरवलेल्या, शाफ्टवर फिरतो. हायड्रॉलिकचं काम अवजार उचलण्यापुरतं, तासाच्या कडेला पोचल्यावर काही सेकंद, मग पुन्हा विश्रांती. 1936 साली बाजारात आलेल्या फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरपासून चालत आलेल्या तीन-बिंदू लिफ्टची ही साधी, थंड राहणारी परंपरा आहे. टाकीतलं तेल आणि तिची लोखंडी भिंत एवढी उष्णता सहज पचवतात.

अमेरिकेत घरालगतच्या पाच-दहा एकरांवर जो छोटा ट्रॅक्टर दिसतो, त्याची गोष्ट निराळी. तिथं गवत कापणं, बर्फ हटवणं, लोडरनं माती-खडी हलवणं हे सगळं तोच करतो, आणि मागं-पुढं करण्यासाठी सतत गिअर बदलायला नको म्हणून त्याला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं 1967 मध्ये आपल्या फार्मॉल 656 या मोठ्या शेती-ट्रॅक्टरला ही रचना दिली. आज ती लहान ट्रॅक्टरांत जास्त रुळली आहे. इंजिन पंप फिरवतं, पंपाचं तेल हायड्रॉलिक मोटर फिरवतं, मोटर चाकं फिरवते. पायाखालचं पेडल पंपातली एक तिरकी तबकडी कलती करतं, आणि त्या कलण्यावर वेग आणि दिशा दोन्ही ठरतात. दाता दात्यात अडकत नाही, झटका बसत नाही. या मऊपणाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. भरात चालतानाही इंजिनच्या शक्तीचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, तेल तापवण्यात जातो. पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनात हे चार किलोवॅटच्या आसपास भरतं. न्हाणीघरातले दोन गिझर तेलात बुडवून दिवसभर चालू ठेवावेत, एवढी ही उष्णता.

टाकीत पंचवीस लिटर तेल आहे आणि बाहेर काहीच जात नाही असं धरलं, तर एवढ्या उष्णतेनं तेल दर मिनिटाला सहा अंशांच्या आसपास तापेल. पन्नासवरून पंच्याऐंशीला पोचायला सहा मिनिटं. प्रत्यक्षात लोखंड थोडी उष्णता शोषतं आणि अंगावरून जाणारी हवा थोडी नेते, म्हणून वेळ लांबतो. तरी जेवणाच्या सुट्टीच्या आत तेल हाताला सोसणार नाही इतकं तापतं.

तापलेल्या तेलाचं बिघडतं काय? ते पातळ होतं, आणि किती पातळ होतं ते पाहून थक्क व्हायला होतं. हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावर 46 हा आकडा असतो. 40 अंशांना त्याचा घट्टपणा 46 सेंटिस्टोक, असा त्याचा अर्थ. तेच तेल 100 अंशांना जेमतेम सातच्या आसपास उतरतं. पंपाच्या आत दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यात मायक्रॉनमध्ये मोजावी अशी फट असते, आणि ती बंद करणारं सील म्हणजे हे तेलच. ते पातळ झालं की दाबाखालचं तेल आतल्या आत मागं सटकतं. सटकणारं तेल काम न करताच दाब गमावतं, म्हणजे पुन्हा तापतं. गळतं म्हणून तापतं, तापतं म्हणून अधिक गळतं. चालकाला याची खूण वेगळी मिळते. सकाळी झपकन उठणारी बादली दुपारी रेंगाळते, चढावर पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढं सरकायला कुरकुरते. 80 अंशांच्या वर रबरी सील कडक व्हायला लागतात, आणि तेलाचं ऑक्सिडेशन तर दर दहा अंशांना दुपटीनं वाढतं, असा ढोबळ नियम आहे.

हे चक्र तोडायला कूलर आणि पंखा. चार-साडेचार किलोवॅट उष्णता हवेत सोडायची आणि हवा वीस अंशांनी तापू द्यायची, तर दर सेकंदाला दोनशे लिटरच्या आसपास हवा जाळीतून गेली पाहिजे. शिवाय कूलरची ताकद तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. तेल 80 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर 55 अंशांचा फरक. तोच ट्रॅक्टर मे महिन्यातल्या चंद्रपुरात आणला, हवा 45 अंश, तर फरक उरला 35. कुठलाही बिघाड नाही, पंखा पूर्ण वेगात, आणि तरी कूलरची एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेलेली. म्हणून पंख्यावर आळ घेण्याआधी त्या दिवशीची हवा विचारात घ्यावी लागते.

दुसरी एक गोष्ट आधी विचारायची: पंखा आत्ता फिरायला हवा आहे का? थंड तेलात तो गप्पच असायला हवा. कूलरच्या नळीवर किंवा टाकीवर थर्मल स्विच असतो, त्याच्या पोटात दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली, किंचित फुगीर चकती असते. एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो. दोन धातू जोडून तापमान ओळखण्याची ही कल्पना अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या घड्याळजीनं समुद्रावरच्या घड्याळासाठी वापरली होती. स्विचमधली चकती मात्र हळूहळू वाकत नाही. ती ताण सोसत राहते आणि ठराविक तापमानाला, समजा 60 अंशांना, टक्‌कन उलटी होते. परत सुलटी होते ती 60 ला नाही, आणखी थंड झाल्यावर, समजा 50 ला. या दोन्ही गोष्टी हेतुपुरस्सर आहेत. संपर्क सावकाश सुटला असता तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळून टोकं जळाली असती. चालू आणि बंदचं तापमान एकच असतं तर पंखा क्षणाक्षणाला चालू-बंद होत राहिला असता. रुपयाएवढ्या चकतीत हे दोन्ही निर्णय कायमचे घडवलेले आहेत, आणि त्यांना ना बॅटरी लागते ना चिप.

तेल खरंच तापलंय आणि पंखा गप्प आहे, अशी खात्री झाली की वायरिंगकडं वळायचं. हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी हातात, पंख्याचा प्लग सुटा. काही ट्रॅक्टरांत तापलेलं तेल चावी बंद असतानाही पंखा सुरू करू शकतं. आणि तेलाची गळती कधीही बोटानं चाचपायची नाही. दाबाखालची सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरून पाहावं.

पहिली चाचणी सोपी आहे. थर्मल स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडायच्या, पंख्याचा प्लग परत लावायचा, हात दूर ठेवायचा आणि चावी फिरवायची. पंखा फिरला, तर स्विच गेला आहे किंवा त्याच्या तोंडाशी तेल पोचतच नाही. नाही फिरला, तर पुढं रिले. रिलेच्या पायांवर 30, 85, 86, 87 असे आकडे असतात. ते एका जर्मन मानकातून आलेले आहेत आणि आज नगरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीलाही तोंडपाठ असतात. 85 आणि 86 मध्ये बारीक तारेचं वेटोळं, त्यातून एका अँपिअरचा लहानसा अंश जातो. त्याच्या चुंबकत्वानं 30 आणि 87 जोडले जातात आणि त्यातून पंख्याचा दहा-वीस अँपिअरचा प्रवाह वाहतो. थर्मल स्विचच्या नाजूक चकतीवर मोठा भार पडू नये म्हणून ही मधली व्यवस्था. रिलेचा ‘टक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं मात्र धरू नये. आवाज वेटोळ्याचा पुरावा आहे, जळालेल्या संपर्काबद्दल तो काहीच सांगत नाही.

यानंतर येतो तो भाग मला या साऱ्या शोधातला सगळ्यांत सुंदर वाटतो. पंख्याच्या प्लगवर मल्टीमीटर लावला, 12.6 व्होल्ट दिसले. बॅटरीएवढेच. मग वायरिंग ठीक आहे, पंखाच जळाला, असं म्हणून नवा पंखा आणला जातो, आणि तोही फिरत नाही. घडतं असं: डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. तो परिपथातून जवळजवळ काहीच वीज घेत नाही. वाटेत गंजलेल्या टर्मिनलचा हजार ओहमचा अडथळा असला, तरी एवढ्याशा प्रवाहानं त्या अडथळ्यावर व्होल्टच्या हजारांश भागाएवढाच दाब खर्च होतो, आणि मीटर बिनचूकपणे 12.6 दाखवतो. पंख्यानं मात्र दहा अँपिअर मागितले, की त्याला त्या हजार ओहममधून अँपिअरचा शंभरावा भाग मिळतो. वीज तिथवर पोचली आहे, पंखा चालवायला मात्र पुरत नाही.

म्हणून आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन दोन वायरी जोडलेला बल्ब बरोबर ठेवतात. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. गंजलेल्या जोडातून तेवढे येतच नाहीत, बल्ब पेटत नाही, आणि खरं एका क्षणात बाहेर पडतं. महागड्या मीटरपेक्षा हा बल्ब इथं जास्त खरं बोलतो, कारण तो वायरकडून काम मागतो. मीटर वापरायचाच तर पंखा जोडलेला ठेवून, चालू करून वापरावा. एक टोक बॅटरीच्या धन टोकावर, दुसरं पंख्याच्या धन वायरवर. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग तेच ऋण बाजूनं. ही ऋण बाजू, म्हणजे बॉडी अर्थ, हमखास दुर्लक्षिली जाते. रंग, गंज, खताची धूळ, सैल नट यांतलं काहीही तिथं आडवं येतं.

समजा जोडाचा रोध फक्त 0.2 ओहम आहे. दहा अँपिअरला तिथं दोन व्होल्ट जातात आणि वीस वॅट उष्णता होते, तीही वाटाण्याएवढ्या जागेत. प्लॅस्टिकचा प्लग पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वितळतो. 1841 चा ज्यूल इथं भेटतो. आणि पंखा बंद पडत नाही, हळू फिरतो, हे अधिक फसवं. पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी उतरला की हवाही वीस टक्क्यांनी कमी होते, पण जाळीतून हवा ढकलणारा दाब वेगाच्या वर्गानं घटतो, म्हणजे 64 टक्क्यांवर येतो. पंखा घेत असलेली शक्ती घनानं घटते, जवळपास निम्मी होते. दुरून पाहणाऱ्याला पाती फिरताना दिसतात आणि तो निर्धास्त होतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोटरकडं पाहायचं, आणि तिथं आणखी एक नवल आहे. पंख्याच्या मोटरमधल्या तांब्याच्या वेटोळ्याचा रोध असतो 0.3 ओहमच्या आसपास. 12 व्होल्टला यातून 40 अँपिअर जायला हवेत. चालू मोटर दहाच घेते. का? कारण चुंबकात फिरणारं वेटोळं स्वतःच वीज निर्माण करतं, आणि ती आलेल्या विजेच्या विरुद्ध उभी राहते. बॅटरीचे 12, मोटरचे उलटे 9, उरले 3 व्होल्ट, म्हणून दहा अँपिअर. फिरणं हीच मोटरची ढाल आहे. बेअरिंग जाम झालं, पात्यात काडी अडकली, की ढाल गेली. चाळीसच्या चाळीस अँपिअर आत घुसतात, वेटोळ्यात 480 वॅट पेटतात, आणि वीस अँपिअरचा फ्यूज जीव देऊन मोटर वाचवतो. त्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालणं म्हणजे मोटरलाच फ्यूज बनवणं.

याच गुणाचा उपयोग करून एक चाचणी करता येते. प्लग काढलेला असताना मोटरच्या दोन टोकांना मीटर लावायचा आणि पाती बोटानं जोरात फिरवायची. कायमचुंबकाची, कार्बन ब्रशची मोटर जिवंत असेल तर मीटरवर छोटासा व्होल्टेज उमटतो. पंखा क्षणभर जनित्र झालेला असतो. काहीच उमटलं नाही, पाती मात्र मोकळी फिरतायत, तर कार्बन झिजून संपले असण्याची शक्यता मोठी. अशी मोटर कधीकधी पान्यानं हलकेच ठोकली की चालू होते. ती दुरुस्ती नव्हे, कार्बन बदलायची वेळ आली याचा पुरावा आहे.

नवी मोटर बसवताना वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, आवाज तसाच करतो, वारंही देतो. कूलर बहुधा इंजिनच्या रेडिएटरपुढं असतो आणि रेडिएटरचा पंखा हवा पुढून मागं ओढतो. मग दोन पंखे एकाच हवेसाठी झगडतात आणि जाळीतून फारसं काहीच जात नाही. कागदाची एक पट्टी जाळीपुढं धरली की कळतं. ती जाळीकडं ओढली जायला हवी.

काही लहान ट्रॅक्टरांत यातलं काहीच नसतं, ना वायर ना स्विच. सीटखाली ट्रान्समिशनच्या शाफ्टवरच प्लॅस्टिकचा पंखा बसवलेला असतो. वाळकी फांदी खालून घुसली की त्याची पाती मोडतात, आणि कुठला दिवा पेटत नाही, कुठला फ्यूज उडत नाही. खाली वाकून टॉर्च मारणं, एवढीच त्याची चाचणी. शिवाय हा पंखा इंजिनच्या वेगानं फिरतो. इंजिन मंद ठेवून जड माती ओढणाऱ्या चालकाला नेमकी गरजेच्या वेळी कमी हवा मिळते.

पंखा उत्तम फिरतोय, तरी तेल तापतंय? मग जाळी. कापलेल्या गवताचा भुसा तेलकट धुळीत चिकटून पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये त्याचा थर बसतो. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या कूलरच्या आणि रेडिएटरच्या मधल्या जागेत खरा गाळ लपलेला असतो. आपल्याकडच्या ऊसतोडणी यंत्रांना हाच त्रास पाचटाचा होतो. तिथं तेलाचा कूलर कितीतरी मोठा, आणि पाचट उडवून लावायला ठराविक वेळानं पंखा उलटा फिरवण्याची सोयही काही यंत्रांत असते. साफ करताना हवा नेहमीच्या वाऱ्याच्या उलट दिशेनं, आतून बाहेर मारायची. जोरदार पाण्यानं पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

आता हातात इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यायचा. चकाकतं ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी प्रमाणात किरणांनी सोडतं, म्हणून थर्मामीटर ते खूपच थंड दाखवतो. नळीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला की खरं तापमान मिळतं. कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळीत फरकच नाही, तर तेल कूलरला वळसा घालून बायपासमधून जातंय, किंवा जाळीतून हवाच जात नाही. फरक फार मोठा आहे, वीस-पंचवीस अंशांचा, तर तेल आत रेंगाळतंय, म्हणजे कूलरची नळी आतून चोंदली आहे. कूलर चोख आहे, तर थर्मामीटर घेऊन उलट, उष्णतेच्या उगमाकडं चालायचं. जिथं दाब काम न करता पडतो, तिथं तापमानाची पायरी दिसते. बादली ओझं घेऊन वर जातेय, अजून टोकाला पोचलेली नाही, तरी रिलीफ व्हॉल्व्हनंतरची नळी आधीच्या नळीपेक्षा गरम लागते, तर त्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिला आहे. पंख्याचा त्यात काडीचाही दोष नाही.

मोठा पंखा बसवून असा बिघाड झाकता येतो, आणि अनेकदा तसंच केलं जातं. मला हे पटत नाही, कारण त्यानं यंत्राचा एक चांगला साक्षीदार गप्प होतो. थर्मल स्विचवर चालणारा पंखा निरोगी ट्रॅक्टरात एका लयीत चालतो: काही मिनिटं चालू, काही मिनिटं बंद. तेच काम, तेवढीच गरम हवा, जाळी स्वच्छ, आणि यंदा पंखा गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळ फिरतोय किंवा थांबतच नाही, तर पंपाच्या आतली फट वाढली असावी असा संशय घ्यायला जागा आहे. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनानं वाढते. दहा मायक्रॉनची फट झिजून वीस झाली, की गळती दुप्पट नाही, आठपट. एवढी झीज डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. ज्या पंपाला केस ड्रेनची, म्हणजे आतल्या गळतीचं तेल टाकीत नेणारी, वेगळी नळी असते, त्याची ती नळी मोजपात्रात सोडून मिनिटाला किती तेल येतं ते मोजावं, आणि तो आकडा निर्मात्यानं दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. मोजताना तेल दर वेळी एकाच तापमानाला आणलेलं हवं, साधारण 50 अंशांना, नाहीतर पातळ झालेलं तेल चांगल्या पंपालाही झिजलेला ठरवील.